‘केमो’ म्हणजे नेमके कोणते औषध? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी निवडलेली सर्व पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली असून ती सर्व केमोथेरपीविषयी आहेत. ‘वडिलांची केमो चालू आहे’ असे लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी औषधाचे नाव लिहिले आहे. ‘गावी जाऊन आलो’ असे कोणी म्हटले, की ‘कुठल्या गावी?’ हा प्रश्न आपल्या तोंडून आपोआप निघतो. केमोच्या बाबतीत तो का निघत नाही, हे मला कधी उलगडलेले नाही. या एका शब्दाखाली शंभराहून अधिक औषधे येतात, त्यांची कामे वेगळी असतात आणि त्यामुळे त्यांचे त्रासही वेगळे असतात. मी डॉक्टर नाही. ठाण्यातील एका रुग्णालयात केमोची औषधे काचेआडच्या कपाटात मिसळून बाटल्यांत भरणारी फार्मासिस्ट म्हणून माझी सारी नोकरी झाली. कोणाला कोणते औषध द्यावे, हे मी सांगणार नाही. दिलेले औषध शरीरात काय करते आणि त्याचा त्रास तसाच का होतो, एवढे मात्र सांगू शकते.

प्रश्न : आईच्या स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी चार वेळा ‘लाल औषध’ दिले आणि आता दर आठवड्याला एक असे बारा वेळा दुसरे औषध देणार आहेत. कागदावर ‘एसी–टी’ लिहिले आहे. आईचे सगळे केस गेले. आमच्याच इमारतीतील एका काकूंना आतड्याच्या कर्करोगासाठी केमो दिली, तेव्हा त्यांचे केस फक्त विरळ झाले. आईला जास्त जहाल केमो देत आहेत का? (एक वाचक, कळवा)

उत्तर : जहाल आणि सौम्य अशी मोजपट्टी केसांवरून लावता येत नाही. कागदावरच्या तीन अक्षरांत तीन औषधे आहेत आणि ती एकमेकांची नातेवाईकही नाहीत.

पेशीला एकाची दोन व्हायचे असेल, तर तिला आधी आपल्या डीएनएची दुसरी प्रत काढावी लागते. मग त्या दोन प्रती दोन टोकांना ओढून नेण्यासाठी अतिसूक्ष्म नलिकांचा सांगाडा उभारावा लागतो आणि त्यानंतरच ती मधून दुभागते. केमोची बहुतेक जुनी औषधे या कामात कुठे ना कुठे खोडा घालतात. कर्करोगाच्या पेशी सतत दुभागत असल्याने त्या अधिक सापडतात; पण केसांची मुळे, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर, हाडांतील मगज या ठिकाणच्या निरोगी पेशींनाही दुभागण्याची घाई असते, म्हणून त्याही सापडतात.

‘सी’ म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड. डीएनए हे दोन पेडांच्या वेणीसारखे असते आणि हे औषध ते दोन पेड एकमेकांना टाचून टाकते. पेड सुटले नाहीत, तर प्रत निघत नाही. या औषधाचे घराणे युद्धातले आहे. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूला बळी पडलेल्या सैनिकांच्या हाडांतील मगज आणि लसिकाग्रंथी वाळून गेल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. त्या धाग्यावरून अमेरिकेतील येल विद्यापीठात १९४२ मध्ये गुडमन आणि गिलमन या शास्त्रज्ञांच्या कामातून, लसिकाग्रंथींचा कर्करोग झालेल्या एका रुग्णाला त्या वायूचा भाऊबंद असलेले नायट्रोजन मस्टर्ड शिरेतून देण्यात आले आणि गाठी विरघळल्या. त्या काही काळाने परत आल्या हे खरे, पण औषधाने कर्करोग मागे हटू शकतो हे तेथे दिसले. युद्धाच्या गुप्ततेमुळे ही हकीकत १९४६ पर्यंत छापता आली नाही. मधल्या काळात, २ डिसेंबर १९४३ रोजी, इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी बाँबफेक केली, तेव्हा एका अमेरिकी जहाजात लपवून आणलेला मस्टर्डचा साठा फुटला आणि त्याची बाधा झालेल्यांच्याही रक्तातील पांढऱ्या पेशी घसरल्याचे आढळले. आज आपण देतो ते सायक्लोफॉस्फामाइड त्याच रसायनाला बरेच माणसाळवून केलेले रूप आहे. त्याचा एक उपपदार्थ मूत्राशयाच्या अस्तराला जाळतो, म्हणून त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी पिऊन वरचेवर लघवीला जाण्यास सांगितले जाते. ही सूचना शिष्टाचारापुरती नसते.

‘ए’ म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन, अर्थात डॉक्सोरुबिसिन, म्हणजेच तुमचे लाल औषध. योगायोग असा, की हेही दक्षिण इटलीतील, बारी ज्यात आहे त्याच आपुलिया प्रांतातून आले. तेथील एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून लाल रंगाचे पदार्थ मिळाले आणि शेजारच्या एड्रियाटिक समुद्रावरून या औषधाचे नाव पडले. ते डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसून बसते आणि डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, काम अर्धवट टाकायला लावते. त्याची खरी काळजी हृदयाची असते. हृदयाच्या स्नायूवरचा परिणाम साचत जातो, म्हणून आयुष्यभरात मिळालेल्या एकूण मात्रेचा हिशेब ठेवला जातो आणि आधी टू-डी एको केला जातो. आईंची ती फाइल दहा वर्षांनीही टाकून देऊ नका. पुढे कधी पुन्हा औषध द्यायची वेळ आली, तर हा आकडा सर्वांत आधी विचारला जाईल. औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसते.

‘टी’ म्हणजे टॅक्सॉल या नावाने प्रसिद्ध झालेले पॅक्लिटॅक्सेल. पॅसिफिक यू नावाच्या अमेरिकी वृक्षाच्या सालीतून ते वेगळे करून १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध करणाऱ्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक होते मनसुख वाणी, जन्म नंदुरबारचा आणि शिक्षण मुंबई विद्यापीठाचे. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. पॅक्लिटॅक्सेल डीएनएच्या वाटेला जात नाही. दुभागण्यासाठी उभारलेला नलिकांचा सांगाडा काम झाल्यावर मोडावा लागतो. हे औषध तो मोडूच देत नाही आणि पेशी त्यातच अडकून मरते. हातापायांच्या लांबलचक मज्जातंतूंत मालाची ने-आण याच नलिकांवरून चालते, म्हणून या औषधाने बोटांना मुंग्या येतात आणि बधिरपणा येतो. ब्लाउजचे हुक लावता येईनासे झाले किंवा चप्पल पायातून निसटलेली कळेनाशी झाली, तर ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना आवर्जून सांगा. मात्रा कमी करणे किंवा थांबवणे त्यावर ठरते. आणखी एक : हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात विरघळवतात आणि त्या द्रावकाची अ‍ॅलर्जी येऊ शकते. बाटली लावण्यापूर्वी दोन-तीन इंजेक्शने देतात, ती यासाठी.

काकूंना बहुधा ऑक्झालिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन मिळाले असावे. त्यांनी केस विरळ होतात, पण सहसा पूर्ण जात नाहीत. त्याऐवजी हातापायांची कातडी आणि पोट यांना त्रास होतो. आईंची मात्रा त्यांच्या उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठफळानुसार, चौरस मीटरला इतके मिलिग्रॅम अशी ठरलेली असते. त्यात हात सैल सोडण्याला किंवा आवळण्याला फारसा वाव नसतो. उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस परत येऊ लागतात.

प्रश्न : माझ्या वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे आणि बारा वर्षांपासून डायबेटिस आहे. केमोच्या वेळी त्यांना चक्क ग्लुकोजची बाटली लावली. आम्ही हरकत घेतली, तेव्हा ‘हे औषध यातच द्यावे लागते’ एवढेच उत्तर मिळाले. शिवाय दोन दिवसांसाठी छातीला पंप जोडून घरी सोडतात आणि गार पाणी पिऊ नका म्हणतात. पंप घेऊन ते लोकलने प्रवास करू शकतात का? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : उत्तर बरोबर मिळाले, पण अपुरे मिळाले. वडिलांना मिळणारे औषध ऑक्झालिप्लॅटिन आहे आणि मिठाच्या पाण्यातील क्लोराइडमुळे ते बिघडते, म्हणून ते पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळावे लागते. पाचशे मिलिलिटरच्या बाटलीत त्यामुळे पंचवीस ग्रॅम साखर जाते, आणि बाटली अडीचशेची असेल तर त्याच्या निम्मी. गंमत म्हणजे याच कुटुंबातील थोरला भाऊ, सिस्प्लॅटिन, नेमका उलट आहे. त्याला मिठाचे पाणीच लागते. बाहेर क्लोराइड भरपूर असते तोवर तो शांत राहतो आणि क्लोराइड कमी असलेल्या पेशीच्या आत शिरल्यावरच कामाला लागतो. प्लॅटिनमची ही औषधे बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये विजेचा जिवाणूंवरील परिणाम तपासताना अनपेक्षितपणे सापडली. जिवाणूंची वाढ रोखली होती ती विजेने नव्हे, तर प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांतून द्रावणात उतरलेल्या संयुगांनी. ही औषधेही डीएनएला टाचे घालतात.

साखर वाढण्याचे मोठे कारण मात्र ती बाटली नसते. उलटी होऊ नये म्हणून दिले जाणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड त्याला अधिक जबाबदार असते. केमोच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस वडिलांची साखर घरच्या घरी दिवसातून दोन-तीनदा तपासा, आकडे लिहून ठेवा आणि डायबेटिसच्या डॉक्टरांना दाखवून त्या दिवसांपुरती औषधाची मात्रा बदलून घ्या. मात्रा स्वतः बदलू नका.

गार पाण्याविषयीची सूचना ऑक्झालिप्लॅटिनचीच आहे. औषधानंतर काही दिवस गारव्याने बोटांना झिणझिण्या येतात आणि गार पाण्याचा घोट घेतल्यास घसा आवळल्यासारखा वाटतो. श्वास कोंडल्याचा भास होऊन माणूस घाबरतो. फ्रीज उघडण्याचे आणि स्टीलची थंड भांडी उचलण्याचे काम त्या आठवड्यात घरातल्या दुसऱ्या कोणी तरी करावे. पंखा आणि एसीचा झोत थेट अंगावर घेऊ नये.

पंपात आहे ते फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल. डीएनए आणि आरएनए ज्या ठोकळ्यांनी बनतात, त्यांतल्या युरॅसिलची ही नक्कल आहे. चार्ल्स हाइडेलबर्गर यांच्या गटाने १९५७ मध्ये युरॅसिलमधील एका हायड्रोजनच्या जागी फ्लुओरिन बसवून ती तयार केली. पेशी तिला खरा ठोकळा समजून उचलते आणि डीएनएसाठी लागणारे थायमिन तयार करणारे तिचे विकर बंद पडते. हे औषध शरीरातून मिनिटांतच नाहीसे होऊ लागते, आणि सगळ्या पेशी एकाच वेळी प्रत काढायला बसलेल्या नसतात. म्हणून ते ४६ तास थेंबाथेंबाने चालू ठेवायचे. सोमवारी दुपारी बाराला जोडलेला पंप बुधवारी सकाळी दहाला संपतो, त्याचा हिशेब हा. अनेक ठिकाणी मिळतो त्या पंपात बॅटरी नसते. आत फुगवलेला फुगा आकसत जातो आणि औषध पुढे ढकलतो.

प्रवासाचे म्हणाल, तर मनाई नाही. पण सकाळच्या गर्दीत तुर्भे-ठाणे मार्गावरच्या डब्यात शिरताना कोणाच्या तरी बॅगेचा पट्टा नळीत अडकला, तर सुई निसटू शकते. गर्दीची वेळ टाळा, नळी सदऱ्याच्या आतून घ्या आणि पंप आडव्या पट्ट्याने अंगालगत बांधा. औषध गळताना दिसले, तर नळीवरची चिमटी लावून रुग्णालयातील डे-केअरला, म्हणजे केमो देणाऱ्या विभागाला, फोन करा आणि गळलेले औषध उघड्या हाताने पुसू नका. पहिल्याच वेळी तोंडात फोड आणि अतिशय जुलाब सुरू झाले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा, कारण काही थोड्या लोकांच्या शरीरात हे औषध मोडणारे विकर जन्मतःच अपुरे असते.

प्रश्न : पत्नीच्या केमोच्या तीन सायकल, म्हणजे ठरावीक अंतराने द्यायच्या फेऱ्या, झाल्या. स्कॅनमध्ये गाठ दिसत नाही असे रिपोर्ट आहे. तरीही डॉक्टर उरलेल्या तीन घ्यायलाच सांगतात. गरज नसताना हे विष कशासाठी? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : स्कॅनला दिसत नाही आणि उरले नाही, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात. केमोचे औषध दर वेळी ठरावीक संख्येने नव्हे, तर ठरावीक हिश्श्याने पेशी मारते, असे हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करताना दाखवून दिले. समजा, एका सायकलमध्ये शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या. मग शंभर कोटींच्या एक कोटी झाल्या, दुसऱ्या वेळी एक लाख, तिसऱ्या वेळी एक हजार. एक लाख पेशींचा पुंजका कोणत्याही स्कॅनला दिसत नाही, आणि तो तेथेच सोडला तर पुन्हा कोटीचा होतो. प्रत्यक्षात दोन सायकलच्या मधल्या काळात काही पेशी वाढतात आणि काही औषधाला सरावतात, म्हणून हे गणित इतके सरळ कधीच नसते. तरी उरलेल्या सायकल का, याचे कारण यातच आहे. वेगवेगळ्या कामांची औषधे एकत्र देतात तीही याचसाठी, की एकाला चकवलेली पेशी दुसऱ्याच्या हाती लागावी.

तुमचा ‘विष’ हा शब्द मला खटकला नाही. आम्ही ती औषधे दोन-दोन हातमोजे घालून हाताळत होतो.

प्रश्न : केमोनंतर आठव्या-दहाव्या दिवशी ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन एक रात्र थांबावे का? (एक वाचक, वाशी)

उत्तर : थांबू नये. बहुतेक औषधांनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात आणि त्या वेळी जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर उठू शकतो. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक दिसले, की रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जावे आणि ‘केमो चालू आहे’ हे दारातच सांगावे. आधी पॅरासिटामॉल दिल्यास ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही, आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते. सायकलपूर्वी रक्त तपासून कधी कधी आठवडाभर पुढे ढकलतात, तेही पेशी पुरेशा वर आल्या नसल्यामुळेच. त्यासाठी डे-केअरमधल्या मुलींवर रागावू नये.

प्रश्न : यजमानांना तोंडाचा कर्करोग असून आता फक्त गोळ्या चालू आहेत : आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब. अशक्तपणा आहे म्हणून मी त्यांना मल्टिव्हिटॅमिन आणि गुळवेलीचा काढा देते. चालेल ना? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही देऊ नका. व्हिटॅमिनच्या गोळीने काय बिघडणार, असे कोणालाही वाटेल. म्हणून कारण जरा सविस्तर सांगते, आणि ते मुंबईतूनच सुरू होते.

लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या विलक्षण रक्तक्षयाचा त्या अभ्यास करीत होत्या. यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक अ‍ॅसिड. नव्या पेशी तयार होण्यासाठी ते लागतेच. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना ते देऊन पाहिले, तेव्हा आजार उलट भडकल्यासारखा दिसला. मग त्यांना वाटले, की फॉलिक अ‍ॅसिडची खोटी नक्कल दिली तर? ती नक्कल करणारा गट होता येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा. आंध्रातील भीमवरमला जन्मलेले हे शास्त्रज्ञ अमेरिकेतील लेडर्ली या औषध कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते. अमिनोप्टेरिन हे ते औषध मिळालेल्या सोळा मुलांपैकी दहा जणांचा आजार काही काळ ओसरला आणि ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. तुमच्या यजमानांची मेथोट्रेक्सेटची गोळी ही त्या औषधाची सख्खी धाकटी बहीण आहे.

आता तुमच्या मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवरचा मजकूर वाचा. बहुतेकांत फॉलिक अ‍ॅसिड असते. म्हणजे एका हाताने नक्कल द्यायची आणि दुसऱ्या हाताने अस्सल माल पुरवायचा, असे होऊ शकते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना डॉक्टर स्वतःच सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात, त्यामुळे नातेवाइकांचा गोंधळ होतो. पण तेथे हेतू निराळा आणि आजारही निराळा. आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. वरच्या उत्तरातील फ्लुओरोयुरॅसिल किंवा त्याची गोळी कॅपेसिटाबिन चालू असताना फॉलिक अ‍ॅसिड घेतले, तर ते त्या औषधाची धार वाढवते आणि जुलाब, तोंडातील फोड अनावर होऊ शकतात. एकच निरुपद्रवी गोळी एका औषधाला बोथट करते आणि दुसऱ्याला जास्त धारदार.

गुळवेलीविषयी सांगायचे, तर ती घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनीच २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. मेथोट्रेक्सेट स्वतः यकृतावर ताण आणते. दोन्ही एकत्र नकोत. दुखले म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळीही परस्पर आणू नका, कारण तिच्यामुळे मूत्रपिंडांतून मेथोट्रेक्सेट बाहेर पडणे मंदावते.

आणि सर्वांत महत्त्वाचे : आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच. ही गोळी चुकून रोज घेतली जाते आणि त्यातून माणसे दगावतात. वार ठरवा, कॅलेंडरवर त्या वारांवर खूण करा आणि ती पट्टी रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका. या दोन स्वस्त गोळ्यांना कमी लेखू नका. पुढे गेलेल्या तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात त्या शिरेतून दिलेल्या सिस्प्लॅटिनपेक्षा कमी ठरत नाहीत, हे टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दिसले आहे.

प्रश्न : सदाफुलीपासून कर्करोगाचे औषध होते असे वाचले. आमच्या गॅलरीत सदाफुलीची चार झाडे आहेत. सासूबाई डायबेटिससाठी तिची पाने रोज चावतात. त्याने कर्करोगही टळेल का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : टळणार नाही, आणि पाने चावणे बंद करावे. सदाफुलीचे औषध सापडले ते नेमके सासूबाईंसारख्यांमुळेच. ती डायबेटिसवर चालते या लोकसमजुतीमुळे कॅनडातील नोबल आणि बिअर या शास्त्रज्ञांनी तिचा अर्क उंदरांना टोचून पाहिला. साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी धडाधड उतरल्या. त्यातून १९५८ च्या सुमारास विनब्लास्टिन आणि पुढे विनक्रिस्टिन मिळाले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात विनक्रिस्टिन आजही लागते. पॅक्लिटॅक्सेल नलिका मोडू देत नाही, तर ही औषधे त्या उभारूच देत नाहीत. त्यांचा परिणाम मज्जातंतूंवर होऊन मुंग्या येतात आणि आतडी सुस्तावून घट्ट बद्धकोष्ठ होते. एक ग्रॅम औषधासाठी कित्येकशे किलो सुकी पाने लागतात, त्यामुळे दोन पानांतून औषधाची मात्रा मिळत नाही. मिळतात ती पानांतली इतर डझनभर अल्कलॉइडे, आणि त्यांची मात्रा कोणीच ठरवलेली नसते.

आपल्या सह्याद्रीत यापेक्षा मोलाचे झाड आहे. नरक्या म्हणतात त्याला, नावाप्रमाणे वास येतो म्हणून. त्याच्यात कॅम्पटोथेसिन भरपूर असते आणि या द्रव्यावरूनच इरिनोटिकान आणि टोपोटिकान ही औषधे बेतलेली आहेत. हे द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी झाडातून पहिल्यांदा वेगळे करणाऱ्यांतही मनसुख वाणी होते. नरक्याची आपल्याकडे इतकी तोड झाली, की कोकणात आणि घाटमाथ्यावर तो आता शोधावा लागतो.

प्रश्न : टार्गेटेड थेरपी आणि इम्युनोथेरपी आल्यावर जुनी केमो कालबाह्य झाली का? आम्ही खारघरलाच राहतो आणि तेथील संशोधनाविषयी ऐकतो. (एक वाचक, खारघर)

उत्तर : झालेली नाही. ट्रास्टुझुमॅब १९९८ मध्ये आणि इमॅटिनिब २००१ मध्ये ही टार्गेटेड थेरपीची औषधे वापरात आली, तेव्हापासून एक मोठा फरक पडला, तो असा की औषध दुभागणाऱ्या प्रत्येक पेशीच्या मागे न लागता कर्करोगाच्या पेशीतील एखाद्या ठरावीक प्रथिनाला धरते. त्यामुळे केस सहसा राहतात. पण ते प्रथिन नसेल, तर औषध निरुपयोगी ठरते, म्हणून आधी गाठीच्या तुकड्याची तपासणी लागते; आणि ट्रास्टुझुमॅबमुळे हृदयावरही परिणाम होऊ शकतो. इम्युनोथेरपीची औषधे कर्करोगाच्या पेशींना मारतच नाहीत. कर्करोगाने आपल्या प्रतिकारशक्तीला लावलेला ब्रेक ती सोडवतात. अशा रुग्णाला ताप किंवा जुलाब झाले, तर कारण निराळे असू शकते, म्हणून ‘केमो’ असे मोघम न सांगता औषधाचे नाव सांगावे.

तुम्ही ऐकलेले संशोधन बहुधा कार-टी पेशींचे असावे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल केंद्र यांच्या सहकार्यातून, खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रातील, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमधील कामाच्या आधारे तयार झालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, बाहेर काढून त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून परत सोडतात. आता यातला माझ्या आवडीचा भाग : त्या पेशी सोडण्यापूर्वी शरीरात त्यांना जागा करून द्यावी लागते, आणि त्यासाठी फ्लुडाराबिनच्या जोडीला वापरतात ते औषध आहे सायक्लोफॉस्फामाइड, म्हणजे बारी बंदरातील त्या वायूचा वंशज.

प्रश्न : सासऱ्यांची केमो चालू आहे. घरात मी गरोदर आहे आणि चार वर्षांचा मुलगा आहे. त्यांचे ताट, कपडे, संडास वेगळे ठेवावे का? (एक वाचक, घणसोली)

उत्तर : ताट वेगळे ठेवू नका. कर्करोग उष्ट्याने पसरत नाही. नातवाने आजोबांच्या मांडीवर बसून जेवण्यातही धोका नाही. मात्र औषध दिल्यानंतर साधारण ४८ तास त्याचा काही अंश लघवी, संडास आणि उलटीतून बाहेर पडतो. तेवढ्या काळात सासऱ्यांनी लघवीही बसून करावी, झाकण बंद करून दोनदा पाणी सोडावे आणि हात साबणाने धुवावेत. उलटीने किंवा लघवीने भिजलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत, आणि ते काम तुम्ही न करता तुमच्या यजमानांनी करावे. गोळ्या घरी असतील, तर त्या फोडू किंवा कुटू नका आणि गरोदरपणात त्यांना उघड्या हाताने स्पर्शही करू नका. उरलेल्या गोळ्या कचऱ्यात न टाकता डे-केअरच्या औषध खिडकीवर परत द्या.